तपासणी ते विकास आराखडा : शाळा-सुधारणेच्या कल्पनेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

शाळेची सुधारणा ही एकदा करून संपणारी गोष्ट नसून ती अखंड चालणारी प्रक्रिया आहे, हा विचार आज सर्वमान्य झालेला आहे. शाळा विकास आराखडा, स्वयंमूल्यमापन, गुणवत्ता वृद्धी हे शब्द प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकापासून शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत सर्वांच्या परिचयाचे आहेत. तथापि ही परिभाषा जितकी नवी वाटते तितका तिच्या मुळाशी असलेला प्रश्न नवा नाही. शाळा सुधारते आहे की नाही हे कोणी ठरवावयाचे, कशावरून ठरवावयाचे आणि ते ठरल्यावर पुढे काय करावयाचे, हा तो प्रश्न होय. गेल्या सुमारे दीडशे वर्षांत त्याला वेगवेगळी उत्तरे देण्यात आली. मुंबई इलाखा व पुढे महाराष्ट्र राज्य यांच्या संदर्भात या उत्तरांचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या इतिहासातून एक सूत्र हाती लागते. सुधारणेचा हिशेब जेव्हा जेव्हा केवळ वरच्या यंत्रणेला सादर करण्यासाठी मागितला गेला, तेव्हा शाळा सुधारण्यापेक्षा हिशेब जुळविण्याची कला विकसित झाली. याउलट, जेथे मुलाला रोज भेटणाऱ्या माणसांनी स्वतःच्या निरीक्षणावरून काम बदलले, तेथे सुधारणा टिकण्याची शक्यता निर्माण झाली.

परिणामांवर आधारित अनुदान

१८५४ च्या वुडच्या खलित्याने सहायक अनुदान आणि सरकारी तपासणी यांची सांगड घातली. खाजगी संस्थांनी शाळा चालवाव्यात, सरकारने अनुदान द्यावे आणि त्याबदल्यात शाळेने तपासणीस खुले राहावे, असे हे तत्त्व होते. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाले आणि तपासणी अधिकाऱ्यांची उतरंड उभी राहिली. मराठी मुलखात ‘दिपोटी’ या नावाने ओळखला जाणारा डेप्युटी इन्स्पेक्टर हा तिचा सर्वांत परिचित चेहरा होय.

याच सुमारास इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेद्वारे रॉबर्ट लो यांनी परिणामांवर आधारित अनुदानाची पद्धत आणली. वाचन, लेखन व अंकगणित या विषयांत तपासणी अधिकाऱ्यासमोर जितकी मुले उत्तीर्ण होतील, त्या प्रमाणात शाळेला पैसे मिळावेत, असे तिचे स्वरूप होते. मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांनाही ही पद्धत लागू करण्यात आली. सकृद्दर्शनी ती न्याय्य वाटते, कारण सार्वजनिक पैशाच्या बदल्यात फलित मागण्यात गैर काहीच नाही. परंतु ज्या विषयाला पैसे त्यालाच वेळ, ज्या मुलाच्या उत्तीर्ण होण्याची आशा त्याच्याकडेच लक्ष आणि ज्या पुस्तकाची परीक्षा त्याचेच पाठांतर, असा तिचा व्यवहार होऊ लागला. कवी व समीक्षक मॅथ्यू अर्नोल्ड हे स्वतः शाळा-तपासनीस होते. त्यांनी या पद्धतीच्या यांत्रिकपणावर सातत्याने टीका केली. इंग्लंडने १८९० च्या दशकात ही पद्धत मोडीत काढली. भारतात १९०४ च्या लॉर्ड कर्झन यांच्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावानंतर ती मागे पडली.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. मोजमाप हाच या पद्धतीचा दोष होता, असे म्हणता येत नाही. मोजमापाचा निष्कर्ष शाळेच्या उपयोगी न पडता केवळ अनुदानाची रक्कम ठरविण्यापुरता वापरला गेला, हा तिचा दोष होता. नापास झालेले मूल का नापास झाले, हा प्रश्न त्या व्यवस्थेत विचारलाच जात नव्हता.

महात्मा फुले यांचे निवेदन

१८८२ च्या हंटर आयोगासमोर महात्मा जोतीराव फुले यांनी सादर केलेले निवेदन प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीची मागणी म्हणून सुपरिचित आहे. परंतु शाळा-सुधारणेच्या दृष्टीने त्यातील तपशील तितकाच महत्त्वाचा आहे. शेतकऱ्यांकडून जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होत असे व त्याचा काही भाग शिक्षणासाठी राखलेला असे. ज्यांच्या कष्टातून हा पैसा येतो, त्यांच्याच मुलांपर्यंत तो पोहोचत नाही, हे फुल्यांच्या मांडणीचे मर्म होते.

तपासणीविषयी त्यांनी अत्यंत व्यवहारी सूचना केल्या. अधिकाऱ्याने वर्षातून एकदा शाळेला भेट दिल्याने काहीही साध्य होत नाही. ही तपासणी किमान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि अधूनमधून पूर्वसूचना न देताही व्हावी, असे त्यांनी सुचविले. त्याचबरोबर शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, त्यांचे वेतन किमान १२ रुपये असावे आणि अभ्यासक्रमात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाला स्थान असावे, अशीही त्यांची मागणी होती. या सूचना एकत्र वाचल्यास असे दिसते की फुले तपासणीचा विचार सुटा करीत नाहीत. शिक्षक कोण, त्याला मिळते काय, तो शिकवितो काय आणि त्याच्याकडे कोणी किती वेळा लक्ष देते, या चारही बाबी ते एकाच प्रश्नाच्या बाजू मानतात. वार्षिक सोपस्काराऐवजी वारंवार व नियमित पाहणी ही त्यांची कल्पना आजच्या सातत्यपूर्ण सुधारणेच्या संकल्पनेशी जवळचे नाते सांगते.

आतून आलेली सुधारणा : बोर्डी व कोसबाड

सरकारी यंत्रणेच्या बाहेर घडलेला एक प्रयोग या संदर्भात विचारात घेणे उद्बोधक ठरेल. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर विस्तारले. बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतील मुले तेथे येईनात. तेव्हा शिक्षिकाच वस्तीत जाऊन अंगणात वर्ग भरवू लागल्या. ‘अंगणवाडी’ या कल्पनेचा उगम असा आहे. कोसबाडच्या परिसरातील वारली मुले दिवसभर गुरे राखत असल्याने शाळेत येऊ शकत नव्हती. तेव्हा शाळाच कुरणात नेण्यात आली आणि ‘कुरणशाळा’ जन्मास आली.

या प्रयोगात अनुदानाचे सूत्र नव्हते की तपासणीचा तक्ताही नव्हता. तरीही सुधारणेच्या प्रक्रियेची सर्व अंगे त्यात आढळतात. एक पद्धत योजली, ती करून पाहिली, कोणते मूल गैरहजर आहे हे पाहिले, गैरहजेरीचे कारण शोधले आणि त्यानुसार मुलाऐवजी शाळेत बदल केला. १९५० मध्ये डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी जपानमध्ये दिलेल्या व्याख्यानांनंतर नियोजन, कृती, पडताळणी व फेरकृती हे चक्र उद्योगजगतात रूढ झाले आणि पुढे ‘कायझेन’ या नावाने सातत्यपूर्ण सुधारणेचा विचार जगभर गेला. शिक्षणातील आजची परिभाषा बव्हंशी तेथून आली. परंतु त्या परिभाषेची वाट न पाहता ते चक्र बोर्डी-कोसबाडच्या परिसरात फिरत होते, याची नोंद घ्यावयास हवी.

कोठारी आयोग व संस्थात्मक नियोजन

स्वातंत्र्योत्तर काळात या विचाराला धोरणाचे अधिष्ठान १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने दिले. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे सुपुत्र जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. देशव्यापी शाळा-सुधार कार्यक्रम, प्रत्येक संस्थेचा स्वतःचा विकास आराखडा, परिसरातील शाळांना एकत्र जोडणारा शाळासमूह आणि प्रशासकीय तपासणीपासून शैक्षणिक मार्गदर्शनाची फारकत, या आयोगाच्या महत्त्वाच्या शिफारशी होत. यांतील अखेरची शिफारस विशेष मार्मिक आहे. जो अधिकारी वेतनवाढ रोखू शकतो, त्याच्यासमोर शिक्षक आपली अडचण मोकळेपणाने मांडणार नाही, ही साधी मानवी वस्तुस्थिती तिच्या मुळाशी आहे.

नाईक यांनी पुढे संस्थात्मक नियोजनाचा हिरिरीने पुरस्कार केला. उपलब्ध साधनांचा अधिक चांगला वापर करून आणि मानवी प्रयत्नांची जोड देऊन शाळा स्वतः काय करू शकते, यापासून आराखड्याची सुरुवात व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. आराखडा म्हणजे गरजांची यादी नव्हे, ही भूमिका त्यातून स्पष्ट होते. प्रत्यक्षात मात्र शाळासमूहाची कल्पना दीर्घकाळ कागदावरच राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तिची अंमलबजावणी न झाल्याची कबुली देऊन ती नव्याने मांडली. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात केंद्रशाळा व केंद्रप्रमुख ही रचना आली. केंद्रप्रमुखाने शिक्षकाचा मार्गदर्शक व्हावे, ही अपेक्षा होती. परंतु माहिती गोळा करणे व ती वर पाठविणे या कामांच्या भाराखाली ही भूमिका झाकोळून गेली.

कायद्यातील आराखडा

१ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याने प्रथमच शाळा विकास आराखड्याला कायद्याचे बळ दिले. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत व समितीच्या निम्म्या सदस्य महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. कलम २२ नुसार समितीने विकास आराखडा तयार करावयाचा असून तो शासकीय अनुदानाचा आधार मानला जावयाचा आहे. ज्या पालकांच्या करातून शाळा चालते, त्यांना शाळेच्या नियोजनात स्थान मिळणे ही फुल्यांच्या विचाराशी सुसंगत अशी ऐतिहासिक घटना होय.

तथापि २०१० च्या केंद्रीय नियमावलीतील आराखड्याचा तपशील पाहिल्यास एक उणीव जाणवते. तीन वर्षांचा आराखडा व त्याचे तीन वार्षिक उपआराखडे यांत इयत्तावार पटाचा अंदाज, अतिरिक्त शिक्षकांची गरज, भौतिक सुविधा आणि त्यांसाठी लागणारा निधी यांचा समावेश अपेक्षित आहे. या बाबी निःसंशय आवश्यक आहेत. परंतु मुले काय शिकतात व कोठे अडतात, याला त्या तपशिलात स्वतंत्र स्थान नाही. परिणामी आराखडा हा मागणीपत्राच्या स्वरूपात उरण्याचा धोका निर्माण होतो. वर्गखोली मागितली जाते, ती मिळते अथवा मिळत नाही. वर्गात काय बदलले, ही नोंद मात्र होत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न २०१५ मध्ये झाले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने प्रत्येक मूल शिकले पाहिजे हे उद्दिष्ट केंद्रस्थानी आणले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांचे काम पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक गेले. शिक्षकांनी शिक्षकांकडून शिकण्याची ही रीत कोठारी आयोगाच्या शाळासमूहाच्या कल्पनेशी मिळतीजुळती होती. त्याच वर्षी राष्ट्रीय पातळीवर ‘शाळासिद्धी’ हा कार्यक्रम सुरू झाला. ७ क्षेत्रे व ४६ गाभा मानके यांच्या आधारे शाळेने स्वयंमूल्यमापन करावे आणि त्यावरून सुधारणेचा आराखडा बनवावा, अशी त्याची योजना आहे. स्वयंमूल्यमापनाला बाह्य मूल्यमापनाची जोड देण्यात आली. मात्र स्वतःविषयी खरे लिहिल्यास शाळेची प्रतिमा उणावेल, अशी भीती जेथे असते, तेथे स्वयंमूल्यमापन हे स्वयंप्रशस्तीत रूपांतरित होण्यास वेळ लागत नाही. एकोणिसाव्या शतकात अनुदानासाठी मुले पढविली जात. एकविसाव्या शतकात श्रेणीसाठी रकाने भरले जाण्याची शक्यता आहे. साधने बदलली, मूळ प्रेरणा तीच राहिली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. मोजमाप सुधारणेस पोषक ठरावयाचे असेल, तर त्याचा पहिला वाचक शाळा असली पाहिजे. निष्कर्ष आधी वर जाऊन नंतर खाली आल्यास तो मार्गदर्शन न राहता निवाडा बनतो.

२. मार्गदर्शक व नियंत्रक या भूमिका एकाच व्यक्तीकडे असू नयेत, ही कोठारी आयोगाची शिफारस आजही तितकीच समर्पक आहे.

३. आराखड्यातील उद्दिष्टे मोजकी व मुलांच्या शिकण्याशी निगडित असावीत आणि त्यांचा आढावा तिमाही असावा. वार्षिक पाहणीची निरर्थकता १८८२ मध्येच निदर्शनास आणली गेली होती.

४. प्रत्येक शाळेत शेरेबुक असते. त्यात अधिकाऱ्याचा शेरा आणि त्यावरील पूर्तता यांच्या जोडीला शिक्षकांनी काय करून पाहिले, काय साधले व काय फसले, यांची नोंद होऊ लागल्यास तेच शाळेच्या सातत्यपूर्ण सुधारणेचे खरे दप्तर ठरेल. फसलेल्या प्रयत्नाची नोंद निर्भयपणे करता येणे, ही त्याची पूर्वअट होय.

महाविद्यालयीन अध्यापकांना हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. नॅकच्या निमित्ताने आपणही स्वयंमूल्यमापन अहवाल लिहितो, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष चालवितो आणि श्रेणीची प्रतीक्षा करतो. प्राथमिक शाळेने दीडशे वर्षांत जो अनुभव घेतला, तो उच्च शिक्षणाच्या वाट्याला तुलनेने अलीकडे आला आहे. गैरहजर मूल पाहून शाळेची जागा बदलणाऱ्या शिक्षिका आणि तपासणीच्या दिवसापुरती शाळा सजविणारी व्यवस्था, हे दोन्ही वारसे आपल्यासमोर आहेत. यांपैकी कोणता वारसा आपल्या आराखड्यांतून पुढे जातो, यावर त्या आराखड्यांचे मूल्य ठरेल.