गंजिफा : खेळ वाचला की खेळणे वाचले?



बदलापूर गावातील एखाद्या घरी सुट्टीच्या दुपारी मुले पट मांडून बसली, तर तो पट बहुधा सापशिडीचा किंवा ल्यूडोचा असतो. छापील खोक्यातून येणारे हे दोन्ही खेळ विलायती आहेत, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः दोहोंचेही माहेर हिंदुस्थानच. सापशिडी म्हणजे आपला मोक्षपट; त्याचे कर्तृत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते. ल्यूडो हे पचिशीचे धाकटे भावंड. इंग्लंडात त्याचे पेटंट १८९६ साली घेतले गेले. तेथील प्रकाशकांनी मोक्षपटावरील पापपुण्याची घरे प्रथम आपल्या नीतीप्रमाणे बदलली व पुढे गाळूनच टाकली. पचिशीच्या कवड्यांच्या जागी फासा आणला. नियम एका कागदावर मावतील इतके आटोपशीर केले, आणि खेळ स्वस्तात छापून घरोघर पोचविला. परदेशी गेलेली आपली लेक अशी नवा वेष लेवून परत आली, आणि आपण तिला ओळखले नाही!

परंतु आज मला बोलावयाचे आहे ते एका तिसऱ्या खेळाविषयी. तो कोणी असा सोपा केला नाही, आणि स्वस्तात छापून घरोघर पोचविलाही नाही. तो खेळ म्हणजे गंजिफा.

गंजिफा इराणातून आपल्याकडे आली. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसन याजकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारातील बारा रंगांच्या १४४ पानांचे वर्णन अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त केले आहे. पुढे आठ रंगांचा ९६ पानांचा डाव अधिक रूढ झाला. हा परका पाहुणा येथे इतका रुळला की त्याने चक्क दशावतार धारण केले! दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, मिळून १२० पाने. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. ओडिशात गेल्यावर नवव्या अवताराच्या जागी जगन्नाथ येऊन बसला. प्रत्येक प्रांताने या खेळास आपला देव दिला, आपली कलम दिली.

कोकणात या कलेचे घर म्हणजे सावंतवाडी. तेथील चितारी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने कडक करीत, त्यांतून वाटोळी पाने कापीत, त्यांवर हाताने चित्रे काढीत आणि लाखेचा लेप देऊन ती टिकाऊ करीत. या कामाचे दोन वर्ग होते : नक्षीदार किनारीची ‘दरबार कलम’ आणि साधी, बिनकिनारीची ‘बाजार कलम’. दरबार कलम श्रीमंतांसाठी, बाजार कलम सामान्य खेळणाऱ्यासाठी. या दोन शब्दांकडे आपण अवश्य लक्ष द्यावे. कारण गंजिफेचे सारे भाग्य आणि दुर्भाग्य त्यांत साठविलेले आहे.

खेळ कसा चाले? तिघे भिडू, प्रत्येकाच्या हाती चाळीस पाने. दिवसा डाव असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा, त्याची पहिली उतारी. रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे, त्याची. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या निम्म्यांत क्रम उलटा होऊन एक्का मोठा. आपल्या नेहमीच्या पत्त्यांप्रमाणे हुकमाचा रंग असा येथे नाही. कोणती पाने खेळून गेली हे ज्याच्या स्मरणात राहील, त्यालाच आपल्या हातातील कोणते पान आता सर्वांत वरचढ आहे हे उमगते. १२० पानांची आठवण ठेवणे म्हणजे बुद्धीची चांगली तालीमच होय.

एकोणिसाव्या शतकात यंत्रावर छापलेले बावन्न पत्ते युरोपातून, विशेषतः बेल्जममधून, येथील बाजारात येऊ लागले. ते स्वस्त, हलके आणि शिकावयास सोपे. हाताने रंगविलेल्या पानांनी त्यांच्यापुढे टिकाव धरावा कसा? प्रथम हरली ती बाजार कलम. आणि बाजार कलम गेली म्हणजे केवळ एक माल गेला असे नव्हे. तो विकत घेऊन ओटीवर डाव मांडणारा भिडू गेला, आणि धाकट्यांस शेजारी बसवून नियम शिकविणारा वडीलधारा गेला.

१९७० च्या दशकाच्या सुमारास ही कला जवळजवळ विझली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी उरलेल्या वयोवृद्ध कारागिराकडून ती समजून घेतली, राजवाड्यातच कामशाळा उघडली आणि नवे हात तयार केले. त्याच काळात मुंबईत कलासमीक्षक म्हणून नावाजलेले रुडॉल्फ फॉन लायडेन देशभरातील गंजिफा जमवून त्यांचा अभ्यास करीत होते. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्यांचा गंजिफेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. या मंडळींचे ऋण मोठे आहे. ती नसती, तर आज गंजिफेचे पान पाहावयास आपणांस परदेशी संग्रहालयेच धुंडाळावी लागली असती.

तथापि एक प्रश्न उरतोच. आज सावंतवाडीची गंजिफा विकत घेणारा ती बहुधा भेट म्हणून देतो, किंवा काचेच्या कपाटात ठेवतो. पाने वाचली, डाव वाचला काय? वीणा जपून ठेवली म्हणजे राग जपला जातो असे नाही. चित्रकाराच्या हातची कला राजाश्रयाने टिकते. खेळ मात्र चौघांच्या ओटीवरच टिकतो. ओडिशात पुरीसारख्या ठिकाणी वृद्ध मंडळी ही पाने अजून खेळण्यासाठीच हाती घेत आली, हे या दृष्टीने फार बोलके आहे.

म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वोडेयरांची गोष्टही हेच सांगते. एकोणिसाव्या शतकात या राजाने गंजिफेचे अनेक नवे डाव स्वतः रचिले व ग्रंथात वर्णिले. काहींची पाने तर शेकड्यांनी मोजावी लागतात. कल्पकतेत उणे काही नव्हते, खजिनाही हाताशी होता. पण राजवाड्याबाहेर त्यांस भिडू मिळाले नाहीत, आणि ते डाव ग्रंथातच राहिले.

आज कित्येक तरुण स्वतःच पटावरचे खेळ रचतात, मोजक्या प्रती काढतात आणि प्रदर्शनांतून लोकांपुढे मांडतात. त्यांच्या कामास गंजिफेचा इतिहास फार उपयोगी आहे. खेळाचे तीन निर्माते असतात : एक नियम रचणारा, दुसरा पाने घडविणारा आणि तिसरा बैठकीत बसून दुसऱ्यास शिकविणारा. पहिल्या दोघांची नावे कधी कधी इतिहासात राहतात. तिसऱ्याचे कोठेच राहत नाही, आणि खेळ जगतो तो मात्र त्याच्याच जिवावर. गंजिफेस खरोखर जगवावयाचे असेल, तर दरबार कलमेबरोबर बाजार कलमही पुन्हा निघाली पाहिजे : स्वस्त, साधी, मुलांच्या हाती देता येईल अशी, आणि सोबत शुद्ध मराठीत लिहिलेले नियमांचे एक पान. मळलेल्या, कोपरे झिजलेल्या पानांचा एक डाव हा कपाटातील दहा कोऱ्या डावांहून त्या खेळाचा अधिक मोठा सन्मान होय.