समुद्राकडचं डहाणू, चारोटीकडचं डहाणू

मुंबई-अहमदाबाद हायवेने एकदा तरी गेलेल्या माणसाला चारोटी नाका माहीत असतोच. बहुतेकांसाठी चारोटी म्हणजे चहा, टोल आणि ट्रॅफिक. सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईला परतत असताना इथल्या सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले, तेव्हा हे नाव देशभर पोचलं. पण नाक्याला स्वतःचा काही इतिहास असेल असं आपल्याला सहसा वाटत नाही.

तर चारोटीचं भूगोलातलं स्थान बघा. इथून पश्चिमेला वळलं की वीस-पंचवीस किलोमीटरवर डहाणू आणि समुद्र. पूर्वेला कासा आणि पुढे जव्हार, हायवेने उत्तरेला तलासरी. म्हणजे एका बाजूला चिकूच्या वाड्या आणि दुसऱ्या बाजूला वारल्यांचे पाडे. मुंबईतल्या जुन्या लोकांकडून डहाणूच्या ज्या रम्य आठवणी आपण ऐकतो, त्या जवळजवळ सगळ्या पश्चिमेकडच्या असतात. त्याच वर्षांच्या पूर्वेकडच्या आठवणी अगदीच वेगळ्या आहेत. आजचा लेख त्याबद्दल.

आधी रम्य भाग. तो खोटा नाही, हे मुद्दाम सांगतो. सुरूच्या झाडांची रांग, ओहोटीला लांबवर मागे सरकणारं पाणी, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, ताडगोळे, सकाळची नीरा. इराणी बागाईतदारांचे मोठ्या व्हरांड्याचे बंगले आणि मागे चिकूची वाडी. हे इराणी म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द, केरमान या भागांतून आलेले झरथुष्ट्री. त्यांच्या कितीतरी आधी आलेले पारशी उतरले ते जवळच्याच संजाणला. संजाण पडल्यावर पवित्र अग्नी बारा वर्षं बाहरोटच्या डोंगरातल्या गुहांत लपवला होता असं पारशी परंपरा सांगते, आणि ते बाहरोट डहाणू तालुक्यातच आहे. चिकू तर मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा! पण इथल्या मातीत असा रुजला की २०१६ मध्ये 'डहाणू घोलवड चिकू'ला जीआय मानांकन मिळालं.

डहाणू नाव याहूनही खूप जुनं. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. ज्या नद्यांवर त्याने फुकट होड्यांची सोय केली त्यांच्या यादीत तापी, दमणसोबत 'दहनुका' आहे. पुढे पोर्तुगीज आले, किल्ला झाला, आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत तो मराठ्यांकडे आला.

पण 'सुट्टीचं गाव' ही कल्पना या सगळ्यानंतरची. ती रेल्वेने आणली. इंग्लंडमध्येही तेच झालं होतं. लंडनहून ब्रायटनला रेल्वे १८४१ मध्ये गेली, ब्लॅकपूलला १८४६ मध्ये. १८७१ मध्ये बँक हॉलिडेचा कायदा आला आणि गिरणीतले कामगारसुद्धा समुद्रावर जायला लागले. पुढे लोक विमानाने स्पेनला जायला लागल्यावर ही गावं ओस पडली, आणि मग त्यांच्यावर हळव्या आठवणी लिहिल्या गेल्या. आपल्याकडे बीबीसीआय रेल्वे १८६४ च्या सुमारास गुजरातकडून मुंबईपर्यंत पोचली. स्टेशनचं नाव 'डहाणू रोड', कारण गाव आणि समुद्र तिथून दोनेक किलोमीटर लांब. याच मार्गावर पुढे डबलडेकर फ्लाइंग राणी धावली (ते डबे २०२३ मध्ये गेले), आणि २०१३ पासून तर चक्क लोकल डहाणूपर्यंत येते.

आता मुद्द्याचा प्रश्न. या रेल्वेने डहाणूला पर्यटक आणले. मग इथून मुंबईला काय नेलं? चिकू आणि मासळी हे उत्तर कोणीही देईल. पण आणखी एक गोष्ट जायची जिच्या आठवणी कोणी सांगत नाही. ती म्हणजे गवत!

मोटारी येण्याआधीची मुंबई घोड्यांवर आणि बैलांवर चालायची, आणि तबेल्यातल्या म्हशींना तर नंतरही चारा लागायचाच. हे गवत ठाणे जिल्ह्यातल्या कुरणांतून यायचं. ते कापायचे वारली. जमीन मात्र त्यांच्या हातून सावकार आणि जमीनदारांकडे गेलेली. १९३० च्या दशकाच्या शेवटी सायमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने सरकारला अहवाल दिला, त्यात या भागातल्या वेठबिगारीची आणि मारहाणीची नोंद आहे. म्हणजे ही कम्युनिस्टांची बनवलेली गोष्ट नव्हे, खुद्द इंग्रज सरकारच्या फायलीत ती होती.

यातला सगळ्यात अंगावर येणारा शब्द म्हणजे 'लग्नगडी'. लग्नासाठी सावकाराकडून थोडेसे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. व्याजाचा हिशोब सावकाराकडे, त्यामुळे कर्ज फिटायचंच नाही. आयुष्यभर गडी!

२३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारो वारली जमले. झरी आज तलासरी तालुक्यात आहे, तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने झालेल्या या सभेत वेठ करणार नाही, लग्नगडी राहणार नाही असं ठरलं. मग पावसाळा संपता संपता गवतकापणीचा संप झाला. मागणी काय होती? ५०० पौंड गवताला अडीच रुपये. बस्स. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच आदिवासी मारले गेले. पण वेठ आणि लग्नगडी मोडून निघाली. गोदूताईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहिलं, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

योगायोग बघा, त्याच १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बालशिक्षणाचं काम सुरू झालं. पुढे ते कोसबादच्या टेकडीवर गेलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची अशी 'कुरणशाळा' त्यांनी काढली. बोर्डी हे समुद्राकडचं गाव. तिथे सुरू झालेलं काम टेकडी चढून वारल्यांकडे गेलं, असं क्वचितच घडलं.

आणि आता आपल्या घराकडे या. आपल्यापैकी अनेकांच्या हॉलमध्ये, कपवर, कुर्त्यावर, गेला बाजार ऑफिसच्या भिंतीवर वारली चित्र असतं. त्याचं मूळ लग्नाच्या चौकात आहे. लग्नाच्या वेळी झोपडीच्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने काढायचं ते चित्र. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ते कागदावर आणून जगभर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या लग्नाचं चित्र आपण कौतुकाने टांगतो, त्याच लग्नासाठी त्या घरातली माणसं गहाण पडायची. हे कळल्यापासून मला ते चित्र नुसतं 'एथनिक' वाटत नाही.

मग रम्य आठवणी टाकाऊ का? तसंही नाही. ब्रायटनच्या आठवणींची पुस्तकं झाली, इथे मात्र डहाणूवरच्या प्रेमातून एक कायदेशीर लढाई उभी राहिली. औष्णिक वीजकेंद्राच्या निमित्ताने बागाईतदार आणि पर्यावरणवादी भांडले. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने अख्खा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जमीन. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं. आमच्या भाषेत सांगायचं तर डहाणू जवळजवळ 'रीड ओन्ली' झालं. वाढवणच्या बंदराला या प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे ७६ हजार कोटींच्या बंदराचं भूमिपूजन झालं. मच्छीमारांचा विरोध तेव्हाही होता, आजही आहे.

बंदर हवं की नको हा वाद इथे सोडवत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय. पण एक नक्की. काही वर्षांनी 'बंदराआधीचं डहाणू' या नावाने हळव्या आठवणींचा पूर येणार, आणि लिहिणारे बहुतेक आपल्यासारखे वीकेंडला येऊन गेलेले लोक असणार. झरीची बाजू आपल्याला कळली, कारण गोदूताईंनी ती वेळेत लिहून ठेवली. वाढवण-वरोरच्या कोळ्यांची, चारोटीजवळच्या महालक्ष्मीच्या यात्रेत डोंगरावर ध्वज चढवण्याचा मान असलेल्या आदिवासींची आठवण कोण लिहितंय? त्यांच्यातली शिकलेली मुलं आता आहेत, हातात मोबाईल आहेत. त्यांनी लिहिलं तर ते वाचणं एवढं तरी आपल्याला जमायला हरकत नाही.

असो. पुढच्या वेळी चारोटीहून डहाणूला वळाल तेव्हा समुद्र गाठायची घाई करू नका. आधी गंजाड आणि कोसबाद बघा, मग बीचवर जा. चिकू तर मिळतीलच!