संधिवात आणि व्यायाम : विश्रांतीकडून हालचालीकडे
(अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप)

प्रस्तावना :
ग्रामीण भागात व्यायामाविषयी दोन समज दृढ आहेत. शेतात राबणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज नाही, हा पहिला. आणि सांधे दुखू लागले की माणसाने बसून राहावे, हा दुसरा. या दोन्ही समजांना इतिहास आहे. तो तपासून अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात त्याचा अर्थ लावणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

भारतीय परंपरा :
वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त व्यायामाचे गुण वर्णिलेले आहेत व बलवानानेही तो अर्ध्या शक्तीनेच करावा असे सांगितले आहे. मात्र वातपित्ताचे रोगी, बालक आणि वृद्ध यांना व्यायाम वर्ज्य मानला आहे. सांध्यांच्या दुखण्याचा संबंध वाताशी जोडला जात असल्याने रुग्ण आपोआप व्यायामाच्या कक्षेबाहेर राहिला. पुढे महाराष्ट्रातील आखाड्यांची परंपराही प्रामुख्याने तरुण व निरोगी पुरुषांचीच राहिली.

विसाव्या शतकात हे चित्र पालटू लागले. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी आरंभिली. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार स्त्री-पुरुष, लहानथोर सर्वांत केला. व्यायाम हा आरोग्याचा विषय बनला.

पाश्चात्त्य वैद्यक :
युरोपातही प्रदीर्घ काळ विश्रांतीलाच प्राधान्य होते. जॉन हिल्टन यांचा विश्रांती व वेदना या विषयावरील ग्रंथ 1863 साली प्रसिद्ध झाला आणि त्याचा प्रभाव अनेक पिढ्या टिकला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही धारणा बदलली. अमेरिकेत गुडघ्याच्या संधिवाताच्या 60 वर्षांवरील 439 रुग्णांवर 18 महिने झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 1997 साली प्रसिद्ध झाले. चालण्याचा तसेच स्नायू बळकट करण्याचा व्यायाम करणाऱ्या गटांत वेदना काही प्रमाणात कमी झाल्या व हालचाल सुधारली. याची कारणमीमांसाही स्पष्ट आहे. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. हालचालीमुळे सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते. मांडीच्या पुढील बाजूचे स्नायू सशक्त असल्यास गुडघ्याला आधार मिळतो.

स्थानिक संदर्भ :
कर्जत तालुक्यालगत, भीमेपलीकडे पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या मार्गदर्शनाखाली 1996 साली 'कॉपकॉर्ड' पद्धतीचे सर्वेक्षण सुरू झाले. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे 18 टक्के लोकांना सांधे, स्नायू व अस्थींची दुखणी असल्याचे त्यात आढळले. संधिवात हा शहरी, बैठ्या जीवनाचा रोग आहे हा समज त्यामुळे टिकत नाही.

अहिल्यानगर जिल्हा सहकारी साखर कारखानदारीसाठी प्रसिद्ध आहे, तसेच पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांतील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. दिवसभर वाकून ऊस तोडणे आणि डोक्यावर मोळी वाहणे हे श्रम आहेत, व्यायाम नव्हे. श्रमात तेच सांधे पुनःपुन्हा भाराखाली येतात. वेग व भार ठरविण्याचे स्वातंत्र्य कष्टकऱ्याला नसते. व्यायामात भार मोजून वाढविला जातो, दुर्बल स्नायू निवडून बळकट केला जातो आणि दुखणे वाढल्यास थांबता येते. स्त्रियांच्या बाबतीत हा भेद अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण शेतातील कामानंतर घरकामाचा भारही त्याच सांध्यांवर पडतो.

आज लोणी व विळद घाट येथे फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत. तथापि हंगामानुसार गाव सोडणाऱ्या रुग्णापर्यंत हे ज्ञान पोहोचविणे हे खरे आव्हान आहे. खुर्चीवर बसून पाय सरळ करून काही क्षण धरणे, सपाट जागी चालणे यांसारख्या व्यायामांना साधनांची गरज नाही. सांधा सुजलेला व गरम असल्यास मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय व्यायाम करू नये.

निष्कर्ष :
1. संधिवातात पूर्ण विश्रांतीचा आग्रह पूर्वीच्या वैद्यकीय धारणेतून आलेला असून तो आज ग्राह्य नाही.
2. मात्रेने व्यायाम करण्याचा प्राचीन विचार आजही उपयुक्त आहे. वृद्ध व रुग्ण यांना वगळणे मात्र योग्य नाही.
3. श्रम म्हणजे व्यायाम हे समीकरण कष्टकऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, उपचारापासून दूर ठेवते. आरोग्यशिक्षणाचा आरंभ हा भेद समजावून देण्यापासून व्हावा.