जेंटूवरच्या जुन्या सोर्स फाइल्सची साफसफाई

डॅनियल रॉबिन्स यांनी अमेरिकेत सुरू केलेले जेंटू लिनक्स (आवृत्ती १.०, २००२) बहुतेक प्रोग्रॅम मूळ सोर्सवरून आपल्याच संगणकावर तयार करते. त्यासाठी डाउनलोड झालेल्या फाइल्स 'डिस्टफाइल्स' फोल्डरमध्ये साठतात. नवी आवृत्ती आली तरी जुन्या आपोआप जात नाहीत. डिस्क भरत आली की आम्ही जेंटूलकिटमधली 'ईक्लीन-डिस्टफाइल्स' ही कमांड देतो. आधी 'प्रिटेंड' पर्याय लावावा. काय पुसले जाईल याची नुसती यादी दिसते. 'डीप' मात्र जपून वापरा, कारण सध्या बसवलेल्या प्रोग्रॅमच्याच फाइल्स उरतात. परवाना मान्य करून हाताने उतरवलेली जुनी फाइल पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून 'डीप'सोबत 'फेच-रिस्ट्रिक्टेड' द्या, म्हणजे ती वाचेल.