एका थेंबातली उडी

तीव्र आम्लात तीव्र अल्क मिसळत गेले की द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच, बराच वेळ रेंगाळतो आणि मग एकदम उडी घेतो. शंकूपात्रात 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल 25 मिलिलिटर घेतले, तर सुरुवातीचा सामू 1 असतो. ब्यूरेट या खुणा केलेल्या काचनळीतून तितक्याच संहतीचे सोडियम हायड्रॉक्साइड 12.5 मिलिलिटर सोडले, म्हणजे निम्मे आम्ल संपवले, तरी सामू जेमतेम दीडवर येतो. 24 मिलिलिटरला तो 2.7 असतो. 24.95 ला 4, 25 ला 7 आणि 25.05 ला 10! ब्यूरेटचा एक थेंब साधारण 0.05 मिलिलिटरचा, म्हणजे शेवटच्या दोन थेंबांत सामू सहा अंक चढतो. सामूचा एक अंक म्हणजे आम्लतेत दसपट फरक. आम्ल भरपूर असताना ते दसपट कमी करायला पुष्कळ अल्क लागते, उरलेसुरले असताना थेंब पुरतो.

ही उडी मोजता येण्याच्या कितीतरी आधी तिचा उपयोग सुरू झाला होता. अनुमापन, म्हणजे मोजून द्रव सोडत जाऊन प्रमाण काढण्याची ही रीत, वाढले ते कापडाच्या धंद्यात. फ्रान्समधल्या रुआँ शहरात देक्रोआझीय यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस विरंजक द्रवाचा कस लावण्यासाठी खुणा केलेली काचनळी वापरली. 1877 साली फिनॉल्फ्थॅलिन दर्शक, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणारा पदार्थ, म्हणून पुढे आले. 8.2 ते 10 या सामूत ते गुलाबी होते, म्हणजे नेमके त्या उडीतच. सामूची मोजपट्टी 1909 साली सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत आखली. ती प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची. पुढे 1934 साली अमेरिकेत बेकमन यांनी पीएच मीटर बनवला, तो लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी. मद्य आणि फळे यांच्या धंद्यातून आलेली ही साधने नाशिकला उपरी नाहीत.

नाशिक जिल्ह्यात ओझरला 1925 च्या सुमारास रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षबाग लावली. खाण्याच्या द्राक्षांची परीक्षा पुढे बराच काळ जिभेवरच होत होती. ब्यूरेटची रोजची गरज निर्माण केली ती वाइनने. 2000 साली सुला या वाइन कंपनीची पहिली वाइन बाजारात आली, 2001 साली राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि गंगापूर, दिंडोरी, विंचूर परिसरात वायनऱ्या वाढल्या. उन्हाच्या तडाख्यात द्राक्षातले मॅलिक आम्ल झपाट्याने घटते आणि सामू वाढतो. म्हणून जानेवारी ते मार्चच्या काढणीत रसाची तपासणी चुकवून चालत नाही.

मात्र रसाचे वागणे हायड्रोक्लोरिक आम्लासारखे नसते. टार्टारिक आणि मॅलिक ही सौम्य आम्ले. त्यामुळे रसाचा सामू साडेतीनच्या आसपास सुरू होतो, हळूहळू चढतो आणि शेवटची उडीही आखूड असते. आम्ल संपते तो बिंदू 7 च्या वर येत असल्याने अनुमापन 8.2 ला थांबवतात. 10 मिलिलिटर रसाला 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड 10 मिलिलिटर लागले, तर आम्लता लिटरला 7.5 ग्रॅम टार्टारिक इतकी धरतात. लाल रसात गुलाबी रंग ओळखू येत नाही. तिथे पीएच मीटरच हवा.

द्राक्षबागेतही अनुमापन चालते, फक्त त्याला हे नाव नसते. ठिबकच्या नळ्यांत साचलेले क्षार काढण्यासाठी आम्लप्रक्रिया करतात. त्याआधी विहिरीचे 1 लिटर पाणी घेऊन त्यात थोडे थोडे आम्ल घालत सामू 4 पर्यंत उतरवतात आणि लागलेल्या आम्लावरून पुढचा हिशेब मांडतात. पाण्यातले बायकार्बोनेट असेपर्यंत सामू सावकाश उतरतो. ते संपले की झपकन कोसळतो. म्हणून शेवटी हात आखडता घ्यावा, आणि आम्ल नेहमी पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये.