नवशिक्याची पहिली अढी

रायपूर शहराच्या शंकर नगरासारख्या वस्तीतील दहा-बारा वर्षांचे एखादे मूल पहिल्याने तालमीत पाऊल टाकते, तेव्हा त्याला कोणते युद्ध जिंकावयाचे नसते. बरोबरीच्या मुलांना पाहून ते आलेले असते. क्वचित आईबापांनीच आणून सोडलेले असते. पहिल्या दिवशी ते पडते, दुसऱ्या दिवशी त्याचे अंग दुखते, आणि तिसऱ्या दिवशी कोणी न सांगता ते पुन्हा दाराशी उभे राहते. या तिसऱ्या दिवसाचे रहस्य काय? शस्त्र ही पोटाची विद्या होती, तेव्हा हा प्रश्न फारसा उठत नव्हता. विद्येने पोट भरण्याचे दिवस गेले आणि तरीही ती उरली. ती कशामुळे उरली, हे पाहण्यासाठी मल्लखांबाचा इतिहास फार उपयोगी आहे.

मल्लांनी खांबावर श्रम करावेत, ही कल्पना जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात तिचा उल्लेख आढळतो. पुढे मागे पडलेल्या या विद्येला दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी नवे रूप दिले. परंपरा सांगते की, निजामाच्या पदरचे अली व गुलाब हे दोन पहिलवान आव्हान घेऊन पुण्यास आले, तेव्हा तरुण बाळंभटांनी ते स्वीकारले आणि मुदत मागून घेऊन वणीच्या सप्तशृंगीचे ठाणे गाठले. तेथे त्यांना मल्लखांबाची युक्ती सुचली. कथेतील दृष्टान्ताचा भाग बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: आव्हान स्वीकारलेला हा मल्ल प्रथम पुन्हा नवशिका झाला.

मल्लखांबाचे मर्म याच नवशिकेपणात आहे. सागवानी किंवा शिसवी लाकडाचा, एरंडेल चोळून गुळगुळीत केलेला हा खांब. त्याला अंग, मान आणि बोंड असे माणसाच्या देहासारखे भाग. हा प्रतिस्पर्धी फटका मारीत नाही, हसत नाही, सूडही उगवीत नाही. चूक झाली तर तो विद्यार्थ्याला खाली घसरू देतो, एवढेच. मांड्यांची पकड सैल पडली की देह निसटतो. घट्ट बसली की डोके खाली, पाय वर अशा स्थितीतही हात मोकळे राहतात. ही साधी अढी ज्या दिवशी जमते, त्या दिवशी मुलाच्या मनातील भीती गळून पडते. गुरूने दिलेली शाबासकी त्याला पुढे आठवेल न आठवेल, पण आपल्याच देहाने आपल्याला दिलेली ही साक्ष ते विसरत नाही. ध्यासाचा जन्म होतो तो येथे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि शिपाईगिरीचा आधार तुटला. त्याच वर्षी नागपूरकर भोसल्यांच्या छत्तीसगढाचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गेला, आणि लवकरच रतनपूरचे महत्त्व ओसरून रायपूर हे कारभाराचे ठाणे झाले. पुढे १८७८ च्या कायद्याने शस्त्र बाळगण्यावर कडक निर्बंध आले. तलवारीला चाकरी उरली नाही. मग तालमीत जावयाचे कशासाठी?

याचे एक उत्तर पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीने दिले होते. लहुजींचे वडील राघोजी १८१७ च्या खडकीच्या लढाईत पडले होते. या वस्तादाकडे १८४७ च्या सुमारास विशीतले जोतीराव फुले दांडपट्टा व गोळीनिशाण शिकले, आणि ही गोष्ट त्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त नमूद केली. इंग्रजी सत्ता उलथून टाकण्याचा विचार तेव्हा त्यांच्या मनात होता. पण दांडपट्ट्याचा हा विद्यार्थी १८४८ साली मुलींची शाळा काढता झाला, आणि वस्ताद त्या कार्याचे पाठीराखे झाले. ज्या हेतूने माणूस तालमीत शिरतो, त्याच हेतूने तो बाहेर पडतो असे नाही. हेतू बदलतो, अंगी बाणलेला निर्धार मात्र टिकतो.

दुसरे उत्तर अमरावतीचे. १९१४ साली अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनी तेथे हनुमान आखाड्याची स्थापना केली, आणि त्यातूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले. घराण्यातील किंवा जातीतील विद्या म्हणून नव्हे, तर येईल त्याला शिकवावयाची विद्या म्हणून मल्लखांब, लाठी, कुस्ती आदि प्रकार येथे शिकविले जाऊ लागले. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले असता या मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. त्या काळी अमरावती आणि रायपूर ही एकाच मध्यप्रांत व वऱ्हाडातील शहरे होती. १९५६ च्या प्रांतरचनेने त्यांची फारकत झाली.

प्रांत दुभंगले, तरी विद्येची वाट थांबली नाही. रायपूर ही २००० सालापासून ज्या राज्याची राजधानी आहे, त्या छत्तीसगढाच्या दक्षिण भागात नारायणपूर आहे. त्याला लागून असलेल्या अबूझमाडच्या रानातील आदिवासी मुलांना एका पोलीस जवानाने मल्लखांब शिकवावयास घेतले. बंदुकांच्या आवाजाशी ज्या मुलखाचे नाव जोडले गेले होते, तेथील मुलांच्या हाती खांब आला. आणि २०२३ साली दूरचित्रवाणीवरील एका देशव्यापी कलास्पर्धेत याच पथकाने पहिले स्थान मिळविले. पेशव्यांच्या पुण्यात पुन्हा रुजलेली विद्या अशी माडिया-मुरियांच्या अंगणात पोहोचली. पेशव्यांचे नाव या मुलांना ठाऊक असो वा नसो. खांब मात्र त्यांनी आपला केला आहे.

राज्ये गेली, चाकऱ्या गेल्या, कायदे आले आणि गेले. विद्या टिकली ती विजयी वीरांच्या कीर्तीपेक्षा घसरून पुन्हा चढणाऱ्या नवशिक्यांच्या हट्टावर. शंकर नगरातील ते मूल तिसऱ्या दिवशी दाराशी येऊन उभे राहते, तेव्हा आपल्यामागे एवढी लांब रांग उभी आहे, हे त्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असण्याची गरजही नाही. दार उघडे असावे, खांब सरळ असावा, आणि पडणाऱ्याला कोणी हसू नये, एवढे पुरे आहे.