नॅशनल परमिटची कुळकथा

मालट्रकच्या पुढे-मागे 'एन/पी' लिहिलेलं असतं. त्या अक्षरांमागच्या परवान्याचा जन्म आणीबाणीतला आहे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली आणि १ जुलैला इंदिरा गांधींनी वीस कलमी कार्यक्रम जाहीर केला. वेठबिगारीला बंदी, भूमिहीनांना घरासाठी जागा, वसतिगृहातल्या मुलांना रास्त भावात जिन्नस अशा कलमांच्या पंगतीत एक कलम मालमोटारींच्या राष्ट्रीय परवान्याचं होतं. वेठबिगारीच्या मांडीला मांडी लावून ट्रक कसा काय बसला, असं आज वाटेल. पण महागाईने लोक गांजले होते आणि माल मात्र राज्याराज्यांच्या वेशीवर थबकत जात होता.

थबकवण्याचं काम १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने केलं होतं. त्यामागचं कारण रस्त्यावर नव्हतं, रुळांवर होतं. मोटारी रेल्वेची गिऱ्हाइकं पळवू लागल्या, म्हणून सरकारने १९३२-३३ मध्ये मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांकडून रेल्वे-रस्ता स्पर्धेची चौकशी करवली. पुढच्या कायद्यात रेल्वेच्या बचावाचा हेतू उघड होता. परवाना एका प्रदेशापुरता मिळायचा. पुण्याच्या गाडीला परराज्यात माल न्यायचा तर तिथल्या परिवहन प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी हवी, नाहीतर थोड्या मुदतीचं तात्पुरतं परमिट काढा. आणि जितकी राज्यं, तितके कर.

यातली गंमत पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावकरांनाच नीट कळेल. ज्या रेल्वेला सांभाळण्यासाठी ट्रकला दावं बांधलं, ती रेल्वे या दोन तालुक्यांत कधी आलीच नाही. पुणे-नाशिक रेल्वेमार्ग अजून कागदावर आहे. मंचर सोडून नारायणगावच्या दिशेने निघालं की कळंब लागतं. इथला कांदा, बटाटा, टोमॅटो बाहेर पडणार तो रस्त्यानेच.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमाने देशभर व्यापार मुक्त असल्याचं सांगितलं, तरी प्रत्येक राज्याचा नाका आपल्या जागी राहिला. १९५९ मध्ये मिनू मसानी यांच्या समितीने रस्ता वाहतुकीवरचे निर्बंध सैल करायला सांगितलं. मग डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता वाहतुकीवरच्या करांची चौकशी झाली आणि १९६७ च्या अहवालात जकात बंद करण्याची शिफारस आली. हे केसकर म्हणजे आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार करणारे नभोवाणीमंत्री! गाण्यांच्या बाबतीत लोकांनी त्यांचं ऐकलं नाही, सगळे रेडिओ सिलोन लावून बसले. जकातीच्या बाबतीत सरकारांनी ऐकलं नाही, आणि ते मात्र महागात पडलं.

१९७५ ची योजना हे त्या कोंडीतून काढलेलं दार. सुरुवातीला दारही अरुंद होतं, राज्यागणिक ठरावीक परवाने. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, त्यात राष्ट्रीय परवान्याला ८८ व्या कलमात जागा मिळाली. परवाना सगळ्या देशाचा घ्या किंवा आपलं राज्य धरून लागून असलेल्या किमान चार राज्यांचा.

सोबतचे नियम वाचण्यासारखे आहेत. गाडीचा रंग वाळलेल्या पानासारखा तपकिरी, कडेला तीस सेंटिमीटरची पांढरी पट्टी, दोन्ही अंगांना साठ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आणि त्यात 'नॅशनल परमिट'. हमरस्त्यावर एकेकाळी सगळे ट्रक एकाच आईची लेकरं वाटायचे ते यामुळे. गाडीवर दोन चालक हवेत, असाही नियम होता. दुसऱ्या चालकाच्या जागी बहुधा क्लीनर असे, हे नाक्यावरच्या साहेबालाही ठाऊक असे. २०१८ मध्ये रंगाची आणि दुसऱ्या चालकाची सक्ती गेली, त्याऐवजी ठळक 'एन/पी', फास्टॅग आणि गाडीचा माग ठेवणारं यंत्र आलं. उघड्या गाडीतला माल झाकलेला असला पाहिजे, हेही आलं.

एक अट मात्र टिकून आहे, आणि मोटारमालकाला ती सगळ्यात जास्त बोचते. दुसऱ्या राज्यात गेलेल्या गाडीने त्याच राज्यातल्या दोन गावांमध्ये भाडं मारायचं नाही. कळंबचा ट्रक बटाटा घेऊन हैदराबादला गेला, तर तिथून परतीचा माल भरून महाराष्ट्रात यावा. हैदराबाद ते वारंगळ अशी मधली खेप केली तर ती बेकायदा. डिझेल जाळत रिकामी गाडी आणायची की मालासाठी तळावर मुक्काम ठोकायचा, हे गणित ज्याचं त्याने सोडवायचं. स्थानिक गाड्यांच्या पोटावर पाय नको, हा युक्तिवाद खोटा नाही. पण भुर्दंड शेवटी भाड्यात, आणि भाडं शेतकऱ्याच्या पट्टीत उतरतं.

पैशांचं जंजाळ २०१० पर्यंत चाललं. प्रत्येक राज्यासाठी वर्षाला ५,००० रुपये, तेही वेगवेगळ्या ड्राफ्टने. मे २०१० पासून सगळ्या देशासाठी वर्षाला एकरकमी १५,००० रुपये ठरले, पुढे ते १६,५०० झाले, आणि राज्यांनी ते आपसांत वाटून घ्यायचे. माझ्या मते १९७५ मध्ये जाहीर झालेली योजना खऱ्या अर्थाने अमलात आली ती तेव्हा. मध्ये पस्तीस वर्षं गेली. आजही साधी मालगाडी बारा वर्षांची झाली की तिला हा परवाना मिळत नाही, मल्टिअ‍ॅक्सलला पंधरापर्यंत मुभा. छोट्या हत्तीसारख्या, मालासकट तीन हजार किलोंच्या आतल्या गाडीला तर परवान्याचीच गरज नाही.

वेशीवर माल अडवून वसुली करणं या मुलखाला नवीन नाही. जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, तो सातवाहनांच्या जकातीचा असं परंपरेने सांगतात. केसकरांनी नको म्हटलेली जकात पुणे महापालिकेत १ एप्रिल २०१३ ला आणि मुंबईत १ जुलै २०१७ ला, जीएसटीबरोबर संपली. २०१८ मध्ये ई-वे बिल आलं, पण ताज्या भाजीपाल्याला ते लागत नाही. नारायणगावच्या बाजारात वीस-वीस किलोंच्या क्रेटची थप्पी भरून, वर ताडपत्री ताणून निघालेल्या गाडीत टोमॅटोला कागद लागत नाही. आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी, परमिट हे सगळं गाडीचं.

देशाच्या सीमेपलीकडे मात्र 'एन/पी' चालत नाही. १५ जून २०१५ ला थिंफूमध्ये भारत, भूतान, बांगलादेश आणि नेपाळ यांनी एकमेकांची वाहनं येऊ देण्याचा करार केला, पण भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो नाकारला. मोहोरबंद ट्रक एकाच कागदावर अनेक देश ओलांडू देणाऱ्या 'टीआयआर' करारात भारत २०१७ मध्ये सामील झाला. तरीही बांगलादेशला जाणारा महाराष्ट्राचा कांदा सीमेवरचं पेट्रापोल ओलांडून पलीकडच्या बेनापोलच्या आवारात उतरवला जातो आणि तिथून पुढे बांगलादेशी ट्रकमध्ये भरला जातो.